अन्य भाषेतला माझा एकमेव संदेश

त्या वर्षी सोलापुरात दोन गोष्टींची टंचाई होती. एक पाण्याची, ती सगळ्यांना. दुसरी पवित्र आत्म्याची, ती फक्त मला.

दुष्काळाचं साल. माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि डोक्यात शहाणपण इतकं काठोकाठ भरलेलं, की सांडू नये म्हणून मी मान ताठ ठेवून चालायची. रविवारी उपासनेआधी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांची शब्बाथशाळा भरे. तिथला लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. नव्या नवरीला सासरी स्वतःचं असं काय असतं? चूल सासूबाईंची, डबे सासूबाईंचे, नवरासुद्धा मुळात त्यांचाच. माझं म्हणावं असं एवढंच होतं: चर्चच्या मागच्या पडवीतलं एक फाटकं जाजम आणि त्यावर बसून नाक ओढणारी पोरं. त्यांना मी बायबलातल्या दाविदाची गोफण अशी फिरवून दाखवायची की पुढच्या रांगेतली पोरं डोकं खाली घालायची. तो एक तास मी राणी असायची.

त्याच उन्हाळ्यात दक्षिणेकडून एक प्रचारक आले. मैदानावर मांडव घालून त्यांनी सभा घेतल्या. माणूस बोलायला गोड. पेन्टेकॉस्टच्या दिवशी येशूच्या शिष्यांवर आत्मा उतरला आणि ते अन्य भाषांतून बोलू लागले, तसं आजही होतं, हे त्यांनी सांगितलं. प्रार्थना करताना आमच्यातल्या काही जणांच्या तोंडून खरंच न कळणारे शब्द येऊ लागले. कुणी रडलं, कुणी हसलं. मी कोरडीच. प्रचारक निघून गेले आणि मागे उरल्या आमच्या वडीलबाई.

आमच्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना ‘वडील’ म्हणतात. त्यातल्या एकांच्या या पत्नी, म्हणून त्या वडीलबाई. अंगानं बारीक, पण आवाज मिलच्या भोंग्याला उत्तर देईल असा. प्रचारक जे आनंदानं सांगून गेले, त्याचा बाईंनी नियम केला. अन्य भाषा हे आत्म्याचं चिन्ह. ज्याला चिन्ह नाही त्यानं मंडळीत शिकवायचं नाही.

“पोरांपुढं उभं राहायचं तर आधी आपण भरलेलं असावं लागतं,” त्या मला म्हणाल्या. “रिकाम्या घागरीनं काय वाढणार तू? पुढच्या सभेपर्यंत बघू. नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाला तरी देऊ.”

झालं. माझी झोप उडाली.

आता मी काय काय केलं ते ऐका. उपास केला, तो दुपारी शेंगांच्या चटणीनं मोडला. आरशासमोर उभी राहून चेहऱ्यावर तेज आलंय का ते बघितलं. तेज नव्हतं, घाम होता. बाई म्हणायच्या, “जीभ सैल सोड, आत्मा हलवेल.” म्हणून मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता जीभ सैल सोडून “ल ल ल ल” करत राहायची. एकदा मागून सासूबाई आल्या.

सासूबाई मोहोळकडच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी तव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“जीभ भाजली व्हय गं?”

“नाही आत्याबाई. प्रार्थना करतेय. अन्य भाषेत.”

“का बरं? देवाला मराटी येत न्हाय?”

“तसं नाही. ते दान असतं.”

“दान हाय तर मग देणारा दील की. तू का पदर वढतीस त्येचा? आन ती भाकरी उलट आदी, करपली.”

मला त्यांची कीव आली. बिचाऱ्या खेड्यातल्या, यांना अध्यात्मातलं काय कळणार, असं मी मनात म्हटलं आणि भाकरी उलटली. ती खरंच करपली होती.

पुढची सभा वडीलबाईंच्या अंगणात दुपारी भरली. फक्त बायकांची. चटयांवर बसलो, गाणी झाली, मग प्रार्थना. एकेकीचा आवाज चढू लागला. माझ्या शेजारच्या बाई इतक्या मनापासून, इतक्या हळू काहीतरी पुटपुटत होत्या की मला हेवा वाटला, अजूनही वाटतो. त्यांचं खरं होतं याबद्दल मला कधी शंका आली नाही. वडीलबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “सोड. जीभ सोड. विचार करू नको.”

विचार न करणं ही गोष्ट त्या वयात मला अवघड नव्हतीच. मी डोळे मिटले, वर्गातली पोरं आठवली, जाजम आठवलं आणि जीभ सोडली. आणि काय सांगू, ती सुटली. धबधबा. मलाच कळेना मी काय बोलतेय, पण त्यात ठेका होता, जोर होता, हुकूम होता.

“नीळ्ळोच्चिनाय लेवे, लेवे, बिंदे पट्टू, तोंदरगा, तोंदरगा...”

अंगणात हालेलूया झाला. कुणीतरी हुंदका दिला. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला वाटलं, स्वर्ग उघडला.

अन्य भाषेत कुणी बोललं की त्याचा अर्थही सांगावा लागतो. ते काम वडीलबाई करायच्या. बोलणारी दोन शब्द बोलो की दोनशे, बाईंचा अर्थ साधारण एकाच लांबीचा निघे. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, “प्रभू म्हणतो, माझ्या कन्ये, मी तुला हाक मारली आहे. भिऊ नको. मी लवकर येतो.”

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं. त्या होत्या मिशन दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर. प्रसूतीच्या खोलीत भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या. त्यांचं माहेर तेलुगू.

“वडीलबाई, माफ करा हं,” त्या म्हणाल्या. “पण हे तेलुगू आहे.”

“आत्म्याला कुठलीही भाषा...”

“हो, हो. पण हे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू आहे.”

सगळ्या बायकांचे डोळे उघडले. माझेही.

“काय म्हणते ती?” एकीनं विचारलं.

सिस्टरांनी दवाखान्यात सांगतात तशा सपाट आवाजात सांगितलं, “पाणी आलंय. ऊठ गं, ऊठ. घागर धर. लवकर, लवकर.”

मग एका बाईनं हळूच पाय चपलेत सरकवले. दुष्काळात धोका कोण पत्करणार? दुसरी उठली. तिसरी “येते हं” असं म्हणालीसुद्धा नाही. बघता बघता अंगण रिकामं. चटया, उघडी गाण्याची पुस्तकं, आणि आम्ही तिघी: वडीलबाई, सिस्टर आणि स्वर्गातून थेट नळावर उतरलेली मी.

उलगडा सिस्टरांनीच केला. “तू राहतेस कुठं?” एवढंच त्यांनी विचारलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमची भाड्याची खोली पूर्व भागात, मागांच्या खटखटीत. भिंतीपलीकडे तेलुगू विणकरांचं घर. नळ आला की तिथली म्हातारी रोज पहाटे सुनेला याच शब्दांनी उठवायची. मला त्यातला एकही शब्द कळत नव्हता, पण वर्षभर त्याच आवाजानं मी जागी होत होते. विचार बंद करून जीभ सोडली तर ती बिचारी ओळखीच्या वाटेनंच जाणार की.

गंमत पुढेच आहे. नळाला तेव्हा पाणी नव्हतं. पण आमच्या सभेतल्या बायका घागरी लावून पुढे बसल्या, आणि तासाभरानं पाणी आलं. सगळ्या गल्लीत पहिले नंबर आमच्या मंडळीचे. संध्याकाळपर्यंत निम्म्या बायका म्हणत होत्या, तेलुगू असो नाहीतर अरबी, संदेश खरा निघाला. वडीलबाईही दुसऱ्या दिवशी घरी आल्या आणि दारातच म्हणाल्या, “मी विचार केला. हे चिन्हच समजू. रविवारी मंडळीसमोर साक्ष दे, मला दान मिळालं म्हण. वर्ग तुझ्याकडेच राहू दे.”

जाजम, पोरं, गोफण, सगळं माझ्या हातात. फक्त एक वाक्य म्हणायचं होतं.

त्या गेल्यावर आत्याबाईंनी विचारलं, “मग म्हनणार?”

“काय करू?”

“मला काय इचारतीस? एवडी शिकलीस. पुस्तक वाच की.”

वाचलं. पोरांना शिकवणारी मी, पण बायबलात पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं, अन्य भाषांबद्दलचं पत्र नीट सलग कधी वाचलंच नव्हतं. तुकड्यातुकड्यानं कानावर पडलेलं, भिंतीपलीकडच्या तेलुगूसारखं. वाचताना मला हसूच यायला लागलं. त्या मंडळीतही आमच्यासारखीच भांडणं. ज्याला एक दान, तो दुसऱ्याला कमी समजणारा. पौल विचारतो, सगळेच प्रेषित आहेत का, सगळेच रोगी बरे करतात का, सगळेच अन्य भाषा बोलतात का? शरीर एक, अवयव अनेक. आणि मग ते, जे वाचून मी चुलीपुढून उठलेच: मंडळीत न कळणारे हजारो शब्द बोलण्यापेक्षा दुसऱ्यांना शिकवायला समजून बोललेले पाच शब्द बरे. हे लिहिणारा स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त अन्य भाषा बोलणारा माणूस. त्याला हेवा नव्हता, त्याला मुलांची काळजी होती, असं मला वाटलं. मुलांचा उल्लेख तिथं नाही, तो मी घातला. आता मी आज्जी झालेय, मला एवढी मुभा असावी.

रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा झाली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, मध्ये खुर्चीवर, वडीलमंडळी एका बाजूला. वडीलबाई उठल्या.

“मुलांच्या वर्गाच्या बाईंना साक्ष द्यायची आहे,” त्यांनी जाहीर केलं.

मी उभी राहिले. मान या वेळी ताठ नव्हती.

“मला दान मिळालेलं नाही,” मी म्हटलं. “मला मिळालं ते शेजारच्या आज्जीचं तेलुगू.”

कुणीतरी फिसकन हसलं. वडीलबाईंचा चेहरा उतरला.

“अगं, मग वर्गाचं काय?”

“वर्ग मला हवाय. दानाशिवाय हवाय. पौलानं विचारलंय, सगळेच अन्य भाषा बोलतात का. उत्तर ‘नाही’ असंच आहे. मग मला एकटीलाच का सक्ती?”

“पौलानंच सांगितलंय, अन्य भाषेला मनाई करू नका,” बाई म्हणाल्या. वाचन त्यांचंही पक्कं होतं.

“मी कुठं मनाई करते? ज्यांना मिळालंय त्यांनी देवाशी खुशाल बोलावं, माझा त्यांना सलाम आहे. पण पोरांना कळलंच नाही तर ती आमेन कशाला म्हणतील? पौलानंही हेच विचारलंय. आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी तर ज्यानं त्यानं आपल्याच भाषेत ऐकलं. लोकांना कळलं, हाच तर चमत्कार होता.”

“तिथं कळलं आन आपल्याकडं घागरी भरल्या,” मागून आत्याबाईंचा आवाज आला. सभेत बायका मागं बसायच्या, पण त्यांचा आवाज पुढं बसायचा. “साहेब, म्या सांगू का? रैवारी आमच्या आळीतली पोरं घरी येऊन सगळी गोष्ट सांगत्यात. त्या राजाचं नाव, त्या दगडाचं नाव. आणिक काय चिन्न पायजे?”

“दगडाला नाव नव्हतं, आत्याबाई,” मी हळूच म्हटलं.

“पोरांनी ठेवलंय.”

यावेळी पाळकसाहेबही हसले. मग त्यांनी शास्त्र उघडलं, तो अध्याय सावकाश वाचला, मिटला आणि म्हणाले, “मुलांचा वर्ग याच बाईंकडे राहील. आणि इथून पुढं उपासनेत कुणी अन्य भाषेत बोललं, तर अर्थ सांगणारा असेल तरच. नसेल तर ज्यानं त्यानं मनात, देवापाशी बोलावं. हे माझं नाही, पौलाचं आहे.” वडीलबाईंनी मान हलवली. नाराजीनं, पण हलवली. बाई हट्टी होत्या, खोट्या नव्हत्या. शास्त्रात आहे म्हटलं की त्या थांबायच्या. हे त्यांच्याबद्दल मला त्या दिवशी कळलं आणि त्यानंतर मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडले ते मानानं भांडले.

मी मात्र घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हते. नवरा म्हणाला, “जरा हळू चाल.” आत्याबाई म्हणाल्या, “चालू दे रे. जिकून आलीया.”

पुढच्या रविवारी मी पोरांना पेन्टेकॉस्टची गोष्ट सांगितली. वारा तोंडानं काढला, अग्नीच्या जिभा हातांनी केल्या. मग म्हटलं, आता ज्यानं त्यानं आपल्या घरातल्या भाषेत सांगायचं, देव मोठा आहे. एक तेलुगू मुलगी उठली, “देवुडु गोप्पवाडु.” अक्कलकोटकडचा एक पोरगा कन्नडमध्ये म्हणाला, “देवरु दोड्डवनु.” एकानं “देव लई मोटा हाय” असं ठणकावून सांगितलं. मग सगळी एकदम सुरू झाली, आपापल्या भाषेत, जाजमावर उड्या मारत. शेजारच्या वर्गाचे मास्तर धावत आले, काय झालं म्हणून. सोलापूरचे मास्तर, त्यांना तिन्ही भाषा कळत होत्या, तीच तर गंमत.

तेवढ्यात दारात वडीलबाई दिसल्या. हाताला धरलेली त्यांची नात, दोन वेण्या, पांढरा फ्रॉक. आजवर तिला त्या या वर्गात पाठवत नव्हत्या. त्यांनी तिचा हात माझ्या हातात दिला आणि पडवीच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. पोरगी त्या गोंधळाकडे डोळे मोठे करून बघत होती.

“मला तेलुगू येत नाही,” ती रडवेली होऊन म्हणाली.

“मग तुला जी येते तीत सांग.”

तिनं आजीकडे बघितलं. वडीलबाईंनी मान हलवली. पोरगी जाजमावर चढली आणि स्वच्छ, शुद्ध मराठीत, आजीच्याच भोंग्यासारख्या आवाजात ओरडली, “देव मोठा आहे.”

वर्ग म्हणाला, “आमेन.”