मोहाखालचा रातवा

रातवा अंड्यांवर बसला होता आणि त्याच्यापासून चार हातांवर मंजुळाबाई आगपेटीची काडी ओढत होत्या.

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की मोहाच्या झाडावरचे हळदे भुर्रकन उडाले. मंजुळाबाई मात्र दचकल्या नाहीत. पेटलेली काडी फुंकून विझवली आणि शांतपणे विचारलं, "काऊन वो मॅडम? साप हाय का?"

साप नव्हता, पाखरू होतं. मी बोटाने दाखवलं. त्या वाकल्या, डोळ्यांवर हात धरला. "मले त पाचोळाच दिसून राह्यला."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी वनरक्षक आहे. राजुऱ्याच्या बाजूचं एक बीट, म्हणजे एकाने रोज फिरून सांभाळायचा जंगलाचा तुकडा, माझ्याकडे आहे. गावाला लागूनच आहे, त्यामुळे वाघ बघायला येणारे पाहुणे इकडे फिरकत नाहीत. त्यांचंच नुकसान. उन्हाळा लागला की कुसुमाच्या झाडांना लालभडक पालवी फुटते. नाल्याच्या ओल्या वाळूवर पिवळी फुलपाखरं पंगतीला बसल्यासारखी दाटीवाटीने पाणी पितात. हे सगळं बघायचा मला वर पगार मिळतो. पण रातव्यासारखी कमाल मी दुसरी पाहिली नाही. अंगावर वाळक्या पानाचा तपकिरी रंग, सालीचा करडा, मधे सावलीच्या काळ्या रेघा. हा घरटं बांधत नाही. अंडी थेट जमिनीवर, आणि दिवसभर डोळे मिटल्यासारखे करून त्यांवर ठाण मांडायचं. माणूस अगदी जवळ आला तरी हलायचं नाही. आपण दिसत नाही यावर एवढा भरवसा! मला तर त्याचा हेवाच वाटतो.

"बाई, जाळू नका. झाडून घ्या ना," मी म्हटलं.

इथे थोडं सांगायला हवं. मोहाची फुलं पहाटे गळतात. जंगल सरकारी असलं तरी कोणता मोह कोणाच्या घरचा, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली ठेवत नाही. पाचोळ्यात फूल सापडत नाही म्हणून आधी तो जाळतात, आणि तीच आग कधीकधी जंगलात शिरते. उन्हाळ्यात आमचं निम्मं आयुष्य ती विझवण्यात जातं.

"झाडू? एवढं?" मंजुळाबाई कडाडल्या. "तवरिक फुलं थांबतीन का? वेचली नाई त हरनं खातात. या मोहावर माह्यं घर चालते मॅडम, पाखरावर नाई."

मी पुन्हा बोटाने दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाकून पाहिलं, आणि नेमकी तेव्हाच पाचोळ्यात एक पापणी हलली.

"माय वो! हे त पाहून राह्यलं माह्याकडं!" त्या तिथेच बसल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या उन्हात हालत नाई म्हंजे बाईच असन." आगपेटी कनवटीला गेली. "अर्धं झाडतो. हिच्याकडचं राहू द्या."

अर्ध्या झाडाची फुलं सोडणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

तिथेच थांबले असते तर बरं होतं. पण मी रेंजर साहेबांना फोन केला. साहेब उत्साही माणूस.

"वा! लगेच मार्क करा. प्रोटेक्शन द्या."

आमच्याकडे जे जपायचं त्याला चुना मारायची पद्धत आहे. झेंड्याचा खांब, चौकीची वाट, रोपांचं आळं, सगळं पांढरं. हुकमाप्रमाणे मी चुन्यात बुडवलेले दगड गोल मांडले. लांबून कोणाची तरी समाधी वाटावी, असं झोकदार काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलीकडे जाळरेषेवर होते. आग पुढे सरकू नये म्हणून साफ ठेवलेली पट्टी ती. परत आले तर मोहाखाली मंजुळाबाई खराटा उगारून उभ्या, आणि मोबाईल सावरत दोघे जण मोटारसायकलकडे पळताहेत. रस्त्यावरून पांढरे दगड दिसले म्हणून आत आले होते. पार जवळ गेले, आणि रातवा उडाला.

दोन अंडी उघडी पडली होती. चंद्रपूरकडचं ऊन, तेव्हा पायाखालची माती चटके देत होती. अंडी शिजायला चूल लागली नसती.

"हे दगड तुमीच मांडले ना?" मंजुळाबाई म्हणाल्या. "जे लपून बसलं, त्याच्याभवती आरास मांडता?"

त्यांनी दगड टोपलीत भरले. त्यांनी झाडलेला पाचोळा मी आणून तिथे विस्कटला. मग आम्ही दोघी नाल्याकडे सरकून आडोशाला बसलो. फुलं वाळत होती, पण बाई उठल्या नाहीत. पाखरू परत येणार नाही, असंच मला वाटत होतं. तेवढ्यात पाचोळ्यावरून एक सावली सरपटत गेली आणि अंडी दिसेनाशी झाली.

"बसली," बाई पुटपुटल्या आणि पदराने डोळे पुसले.

दुपारी साहेब स्वतः आले. "दगड कुठे आहेत?"

"काढले, साहेब."

"कोणाला विचारून? आणि पक्षी कुठाय?"

"साहेब, उजवा पाय हळू मागे घ्या."

साहेबांनी खाली पाहिलं. बराच वेळ शोधलं. मग दिसलं असावं, कारण त्यांनी श्वास रोखला आणि डोक्यावरची टोपी काढली. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "दगड नकोत. असंच राहू द्या."

पिल्लं निघाली. वाळक्या गवताचे गोळे असावेत तशी, आणि लगेच आईमागे पाचोळ्यात नाहीशी झाली. मी एवढं शिकले की न दिसण्यावर जो जगतो, त्याला खुणा करून वाचवता येत नाही.

यंदा मोह गळायला लागला तेव्हा मी त्या झाडाखाली गेले. डोळ्यांत तेल घालून पाहिलं. रातवा नव्हता. मंजुळाबाईंनी मात्र अर्धंच झाडलं होतं.

"बाई, यंदा पाखरू नाही इथे. सगळं झाडा की."

त्या मान वर न करता फुलं वेचत राहिल्या. "तुमाले दिसलं नाई म्हून नाई, असं कसं म्हनता मॅडम?"

मी होते तिथेच थांबले, आणि आधी पायाखाली पाहिलं.