बायजाबाईनं टाळलेला कोपरा

दफनभूमीत राहणाऱ्यांना कसली भीती वाटत नाही, असा लोकांचा समज आहे. साफ खोटं. बायजाबाई आणि तिचा नवरा चंपतराव बावीस वर्षं आमच्या ख्रिस्ती दफनभूमीच्या फाटकाशेजारच्या खोलीत राहिले. तो कबरी खणायचा, ती गवत काढायची, झाडझूड करायची. पण चिंचेखालच्या कोपऱ्यात तिनं सोळा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तिथं त्यांची सोनिका होती. आठ वर्षांची पोर, तीन दिवसांच्या तापात गेली. तिथलं गवत चंपतरावच काढायचा.

यंदा मे महिन्यात चंपतराव गेला. आमच्याकडं नव्या कबरीला जागाच उरलेली नाही. चौदा वर्षं झाली की घरच्याच माणसाची जुनी कबर उघडायची, हाडं पांढऱ्या कापडात बांधायची आणि नव्या पेटीच्या पायथ्याशी ठेवायची, अशी रीत आहे. समितीचा सेक्रेटरी मी. नोंदवही उघडली आणि सोनिकाच्या नावाखाली तिच्या बापाचं नाव लिहून मोकळा झालो. हात जरासुद्धा थांबला नाही, याची मला आज लाज वाटते.

खणायला दुर्गेशला बोलावलं होतं. दुपारी दोनच्या सुमारास तो फावडं टाकून माझ्याकडं पळत आला.

"साहेब, खालून कोणी ठोकून राहिलं."

"ऊन लागलं तुले!" मी खेकसलो. "चार वाजता दफन आहे."

"मी नाही उतरत. तुम्हीच कान लावून पाहा."

अर्ध्या खणलेल्या खड्ड्याशी मी ओणवा झालो. वारा पडला होता, चिंचेचं पान हलत नव्हतं. टक. टक. टक. लहान मूल दार वाजवतं तसं, हळू. पोकळीत ढेकळं पडत असतील, असं मी मोठ्यानं म्हणालो. माझा माझ्यावरच विश्वास बसला नाही. दुर्गेश तोवर सायकल काढून फाटकाबाहेर गेला होता.

जाताना त्यानं खोलीत सांगितलं असावं. बायकांना चंपतरावापाशी बसवून बायजाबाई आली आणि चिंचेच्या सावलीच्या कडेला थबकली.

"तुम्हालेही ऐकू आलं, भाऊ?"

मी मान हलवली.

"मले रोज येते. याच वेळेले. सोनिकाच्या बापाले कधी सांगतलं नाही. पोरगी बोलावून राहिली अन् मी माय असून भेवानं गेली नाही."

मग ती सावलीत आली. उपसलेल्या मातीच्या ढिगावर बसली, हात मांडीत ठेवले, डोळे मिटले. ओठही हलत नव्हते. खालून आवाज चालूच होता. तिला तिथं एकटीला टाकून मला जाववेना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

"बायजाबाई, प्रार्थना आटपा आता," मी वैतागून म्हणालो. "किती सांगता प्रभूले?"

"मी काही सांगतच नाही, भाऊ. नुसती बसते. थोड्या वेळानं तोही बाजूले येऊन बसते."

तिच्या शेजारची सैल माती जरा दबली आणि घरंगळली. मी पाहिलं. कुणी काही म्हणो, मी पाहिलं.

"थांबला का आवाज?" मी विचारलं.

"नाही. पण आता मले जाता येते."

पदर खोचून ती खड्ड्यात उतरली. फावड्याच्या घावांत मग दुसरं काही ऐकू येईना. पेटीचं लाकूड पार कुजून गेलं होतं. एकेक हाड तिनं हातानं वेचलं, पदरानं पुसलं आणि कापडात ठेवलं. मी हात पुढं केला, तर मानेनंच नको म्हणाली. गाठोडं छातीशी धरून वर आली आणि कबरीच्या काठावर बसून राहिली.

चारला माणसं आली. पुढं फादर होते. त्यांनी गाठोडं घ्यायला वाकून दोन्ही हात पुढं केले.

"थोडं थांबा, फादर," बायजाबाई म्हणाली. "सोळा वर्षांनी मांडीवर आली माही पोरगी."

फादरांनी हात मागं घेतले. चंपतरावाची पेटी खांद्यावर घेऊन आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो.