पोरीनं नाव सांगितलं जाऊबाईंचं

मी जळकी आहे. लहानपणापासून आहे आणि त्याची मला फारशी लाज वाटत नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नात तिचा शालू माझ्या शालूपेक्षा उठून दिसला, तर पुढं कितीतरी दिवस मी तिच्याशी धड बोलले नव्हते. पण साडीवरून जळणं वेगळं. आपल्या पोटची पोर दुसरीच्या ओट्यावर बसून घडाघडा बोलते आणि आपण दिसलो की गप्प होते, ही आग वेगळी असते.

ती दुसरी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. बोरी बुद्रुकला आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत, मध्ये फक्त कपडे वाळत घालायची तार. मी त्यांना अक्का म्हणते. माझी मुलगी त्यांना मोठी आई म्हणते. आमच्याकडं थोरल्या चुलतीला तसंच म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण पोरगी नववीत गेली आणि तो शब्द माझ्या कानाला टोचायला लागला.

नववीत तिचं सगळं बिनसलं. सकाळी शाळेची गाडी यायची वेळ झाली की उलट्या. हात थरथरायचे. वर्गात छाती इतकी धडधडायची की बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसायची. दिवाळीनंतर एक दिवस अंथरुणातून उठलीच नाही, आणि मग शाळा बंदच झाली. वर्गात कायम पहिल्या दोघा-तिघांत असणारी पोर! गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाहेरचं आहे, नारळ उतरवून टाक. नवरा म्हणाला, नाटकं आहेत, मोबाईल काढून घे. मी नारळही उतरवला आणि मोबाईलही काढून घेतला. दोन्हीचा गुण सारखाच आला.

मी गावच्या डेअरीत काम करते. लोक दुधाचे कॅन घेऊन येतात, मी मशीनवर दुधाची फॅट लावायची, आकडा सांगायची. सकाळी आणि संध्याकाळी. पोरगी दिवसभर माझ्यासमोर भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची, आणि मी डेअरीत गेले की तेवढ्यात उठून तार ओलांडून अक्कांकडं जायची. मला हे शेजारणीकडून कळलं. "लई बोलत व्हती गं तुझी पोर," म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात पाणी हवं का विचारलं तर मान हलवणारी, ती लई बोलत होती!

अक्का काही फार शहाण्या नाहीत. हे मी जळून बोलत नाही. म्हणजे जळूनच बोलते, पण खरं आहे. मुलगा चाकणला कंपनीत, भावजी दिवसभर मळ्यात, त्यामुळं त्यांना उद्योग नाही. दिवसभर हिंदी सिरियल. चहा करतील तर आधण उतू जाणार, सांगायला जाल एक तर ऐकणार भलतंच. अशा बाईकडं माझी पोर काय बघून जात होती?

मग एका सकाळी तारेवर चादरी टाकता टाकता अक्का म्हणाल्या, "तुला सांगायला पायजे म्हणून सांगती. पोरगी काल म्हणत व्हती, तिला जगावंसं वाटत न्हाई."

ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. हे तुम्हाला सांगितलं? मला नाही? भीती त्याच्या मागनं आली. मागनं आली ती मात्र अशी आली की हातातली ओली चादर तशीच टाकून मी नवऱ्याला फोन लावला, आणि त्याच दुपारी आम्ही पोरीला मंचरला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. नाटकं नाहीत, आजार आहे, हे त्यांनी नवऱ्याला जरा दमातच सांगितलं. ती हळूहळू जेवायला लागली, झोपायला लागली. पण शाळेचं नाव काढलं की पुन्हा हात थरथर. नवऱ्याचं म्हणणं, सतरा नंबरचा फॉर्म भरू, घरी बसून बाहेरून दहावी देईल. डॉक्टर म्हणाले, घरात कोंडून बसणं हेच तर मोडायचं आहे. पेठ गावाच्या आतल्या अंगाला एक लहानशी निवासी शाळा आहे, अशी मुलं तिथं रुळतात, एकदा बघून या.

बघायला चला म्हटल्यावर पोरगी म्हणाली, "मोठी आई आली तर येते."

नवऱ्याची पिकअप. पुढं तिघांचीच जागा. अक्का आधीच खिडकीशी जाऊन बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, लग्नाला निघाल्यासारख्या. पोरगी त्यांच्या शेजारी मध्ये बसली. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तू मागं बसतीस का?" मी बसले. टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांमध्ये, मागं तोंड करून. खोडदच्या दुर्बिणीच्या अँटेना लांब लांब जाताना बघत होते आणि दर खड्ड्याला अक्कांच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडत होते. मान वळवली की मधल्या काचेतून दोन डोकी दिसायची. एकदा दोन्ही डोकी एकमेकींना टेकलेली दिसली. पुन्हा मी मान वळवली नाही.

शाळा मला पटली, खोटं कशाला बोलू. वीस-पंचवीस मुलं, घंटा नाही, गणवेश नाही. मुलंच पाळीनं स्वयंपाक करत होती. एक मुलगा वर्ग चालू असताना उठून बाहेर झाडाखाली जाऊन बसला, कुणी त्याला हटकलं नाही. थोड्या वेळानं आपलं आपण आत आला. माझी पोर ते सगळं टक लावून बघत होती. कितीतरी महिन्यांत मी तिला असं काही बघताना बघितलं नव्हतं.

शाळा चालवणाऱ्या बाईंनी आम्हाला सतरंजीवर बसवलं. त्या म्हणाल्या, "इथं प्रत्येक मुलाचं घरचं एक माणूस असतं. दर रविवारी मूल त्याच माणसाशी बोलतं. रात्री-अपरात्री बिनसलं तर आम्ही त्याच माणसाला फोन करतो. पहिले तीन महिने फक्त तेच एक माणूस. कोण, ते मूल ठरवतं." मग पोरीकडं वळून म्हणाल्या, "तुझं कोण?"

मी पदर सारखा केला. खरंच केला. फोटो काढताना करतात तसा.

"मोठी आई," पोरगी म्हणाली.

बाईंनी माझ्याकडं बघून विचारलं, "म्हणजे तुम्ही?" नवरा खाली सतरंजीकडं बघायला लागला. अक्का गडबडून म्हणाल्या, "मी वो. मी चुलती." मी म्हणाले, आम्ही घरी जाऊन विचार करतो आणि कळवतो. पोरीचा चेहरा पडला आणि ती पुन्हा भिंतीकडं बघायला लागली.

बाईंनी आठवड्याभराची मुदत दिली होती, त्यानंतर ती जागा दुसऱ्या मुलाला. म्हटलं, आठवडा पुष्कळ झाला. मी तिला वळवायला घेतलं. मासवड्या केल्या. आमच्याकडं मासवडी म्हणजे काही उगीच कुणी करत नाही, हात भरून येतात. पोरीनं खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाली, आणि ताटलीत चार काढून तारेपलीकडं नेऊन दिल्या. मग मी तिला मोबाईल परत दिला. तिनं घेतला आणि उशाखाली ठेवून दिला. नवरा म्हणाला, "राव, नाव कुणाचं का असंना. पोरगी जायला तयार हाय ना?" मी त्याला म्हणाले, तुमचं काय जातंय, तुमचं नाव तर कधीच निघणार नव्हतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

पोरगी मात्र परत मिटत चालली होती. आंघोळ बंद झाली. गोळी हातात दिली तरच घ्यायची. आठवडा संपत आला तसा माझा धीर सुटला. ती न्हाणीच्या कट्ट्यावर बसली होती, तिच्यासमोर उकिडवी बसून मी सरळ विचारलं, "माझ्यात काय कमी हाय गं? त्या बाईला धड ऐकू तरी येतं का?"

तिनं कट्ट्यावरचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मोठी आई टीव्ही बघत ऐकते. तू माझ्याकडं बघत ऐकतेस."

"मग? आईनं लेकराकडं बघू नये?"

"मी काय पण बोलले की तुझं तोंड असं होतं. मग मला तुझ्या तोंडाकडं बघायला लागतं. मग माझं राहूनच जातं." आणि बोट दाखवून म्हणाली, "बघ, आता पण झालं."

मी तोंडावरून हात फिरवला. तोंड तसंच होतं, ते मी काय करू?

ती आत गेली. मी तिथंच बसले आणि अक्कांचा मनसोक्त राग केला, कारण स्वतःच्या तोंडाचा राग करता येत नाही. मग उठून तार ओलांडली. अक्का शेंगा फोडत सिरियल बघत होत्या. मी म्हणाले, "अक्का, शाळेत तुमचा नंबर देती. तुमी हो म्हणा."

अक्कांनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे त्यांना खरंच भ्या वाटलं असणार. "मला नगं बाई ही भानगड. माझं काय डोकं चालतंय? तुझी पोर, तू बोल. उद्या कमी-जास्त झालं तर तूच मला धरशील."

आणि मग ज्या बाईच्या नावानं मी बोटं मोडत होते, तिच्या पाया पडायची पाळी माझ्यावर आली. पडले नाही, पण विनवण्या पुष्कळ केल्या. म्हणाले, तुमी काही बोलू नका, नुसतं ऐका. काय झालं तरी मी तुमाला बोल लावणार न्हाई. त्या म्हणाल्या, "तुला राग येणार न्हाई?" मी म्हणाले, येणार. पण तुमाला दिसणार न्हाई. त्यावर त्या जरा हसल्या आणि हो म्हणाल्या. त्यांच्या समोरच मी शाळेत फोन लावला आणि त्यांचा नंबर एकेक आकडा करून सांगितला.

पोरगी गेली. पहिल्या रविवारी, माझी डेअरीला जायची वेळ होत आली तेव्हा, अक्का फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. मी माझ्या दारात लसूण सोलत बसले, तारेवरच्या कपड्यांच्या अलीकडं. फोन वाजला. अक्कांना कानाला लावून ऐकू येत नाही, त्यांनी स्पीकरवर टाकला.

तिची स्वयंपाकाची पाळी होती. भाकऱ्या अशा करपल्या म्हणे की एका पोरानं भाकरीच्या तुकड्यानं वहीवर काळी रेघ ओढून दाखवली. सगळ्यांनी तरी त्याच खाल्ल्या. एक दिवस छाती धडधडली, मग ती बाहेर जाऊन बसली, मग धडधड थांबली. हे सांगताना ती मध्येच हसली. तिचं हसणं मी विसरले नव्हते, पण ते असं दुसरीच्या मांडीवरून ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. इतकी जळले की लसणाच्या पाकळीऐवजी नख सोलून निघालं.

अक्कांना माझी दया आली असावी. त्यांनी कपडे बाजूला करून मला हातानं बोलावलं, ये, बोल. तेवढ्यात फोनमधून पोरगी म्हणाली, "आई कुठंय?"

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मी मानेनं नाही म्हणाले. डेअरीच्या दिशेला बोट केलं.

"डेअरीत गेलीया," अक्का म्हणाल्या.

"बरं," पोरगी म्हणाली, आणि पुढचं सांगायला लागली.