शिलाई मशीनसकट हरवलेली बाई

पोस्ट पेंडिंगमध्ये पडली तेव्हा मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. एका हातात फोन, एका हातात शेंग. पोस्ट अशी होती:

'माझी पत्नी व चार वर्षांची मुलगी कालपासून हरवली आहे. पत्नीची मानसिक स्थिती बरोबर नाही. सोबत शिलाई मशीनचे मुंडके आहे. रंग काळा, पुढच्या बाजूस कुंकवाची पाच बोटे. दिसल्यास तिथेच थांबवून ठेवावे व मला फोन करावा. पोलिसांना सांगू नये, बदनामी होते.'

खाली नंबर आणि बाईचा लग्नातला फोटो. मशीनचं मुंडकं म्हणजे पायानं चालवायचं स्टँड सोडून वरचा, शिवायचा भाग. चांगलं जड असतं. मी पोस्ट दोनदा वाचली आणि शेंगा बाजूला ठेवल्या.

आधी माझं सांगतो. मी गेवराईच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. लोक कंट्रोलर म्हणायचे, अजून म्हणतात. खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या, हे काम. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या फोडणीत चुका काढायला लागलो, तेव्हा तिनंच मला आप्पांच्या हवाली केलं. आप्पांचं मेन रोडला कापडाचं दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि तोंडात गावभरच्या बातम्या. 'आपली चावडी' हा फोनवरचा ग्रुप त्यांनीच काढला. तालुक्यातली माणसं, बाहेर नोकरीला गेलेली पोरं, लग्न होऊन गेलेल्या लेकी, सगळे त्यात. ग्रुप वाढला तसा आप्पांना झेपेना. मग मी मॉडरेटर झालो.

मॉडरेटर म्हणजे काय, हे मला रोज कुणीतरी विचारतं. ओसरीवर बसलेला म्हातारा समजा. आलेल्याला तो विचारतो, कोण, कुठला, काय काम. पेंडिंग ही ती ओसरी. पोस्ट तिथं थांबते. मी सोडली तर आत जाते, नाही सोडली तर माघारी. सोडण्याला अप्रूव्ह म्हणतात, माघारी पाठवण्याला रिजेक्ट. वाळूच्या गाड्यांवरून जुंपली की कमेंट बंद करायच्या. वाढदिवसाचे बॅनर अडवायचे. त्यात कुणीतरी साहेबांचा भाचा निघतो आणि मला शिव्या खायला लागतात. पगार नाही. बायको म्हणते, "स्टँडवर निदान खाकी होती. हितं नुसत्या शिव्या, त्या बी बनियनवर बसून खायच्या."

पण ग्रुपची खरी शान म्हणजे हरवले-सापडले. चुकलेली म्हैस, बसमध्ये राहिलेली आहेराची पिशवी, रागावून गेलेलं पोरगं. पोस्ट सुटली की घंट्याभरात तालुक्यातला प्रत्येक फाटा डोळे उघडे ठेवून बसतो. मला त्याचा लई अभिमान. म्हणूनच त्या पोस्टची मला भीती वाटली.

आप्पांचा फोन आलाच.

"कंट्रोलर, ती बाईची पोस्ट सोडा की. तिचा नवरा माझ्या दुकानात उभा हाय. रडायलाय बिचारा."

"बघतो."

"बघतो काय? म्हशीची पोस्ट चहा व्हायच्या आत सोडता, अन् बाईची अडवता?"

"म्हैस सापडली की मालकाकडंच जाती आप्पा. तिला विचारावं लागत न्हाई. त्याला जरा फोन द्या."

स्टँडवर आमची एक पद्धत होती. चुकलेलं लेकरू ऑफिसात आणलं की माईकवर एवढंच सांगायचं, 'एक लहान मूल सापडलेलं आहे, ऑफिसात भेटा.' अंगात काय, पायात काय, हे मुद्दाम सांगायचं नाही. येणाऱ्यानं ते सांगायचं. खरे मायबाप असले की चपलेचा अंगठा तुटलाय हेसुद्धा सांगतात, रडत रडत सांगतात. मी तोच प्रश्न विचारला.

"पोरीच्या अंगात काय होतं?"

"फ्रॉक आसंल," नवरा म्हणाला.

"रंग?"

"ते बायांचं काम हाय काका. मला काय म्हाईत."

"अन् मशीन?"

"काळी हाय. चाकाला गंज हाय, सुईजवळ पत्रा ठोकलेला हाय. कुंकवाची बोटं तिनंच लावली दसऱ्याला, पूजेच्या टायमाला. दिसली तर लगेच ओळखू येईल बघा."

आवाज खरंच रडवेला होता. खोटं कशाला सांगू, मला त्याची दयाच आली. माणूस आपल्या घरातून कुणी गेलं की रडतो, मग तो कसाही असो. पण त्याला मशीनचा पत्रा पाठ होता आणि पोरीचा फ्रॉक माहीत नव्हता.

"ठाण्यात नोंद करा," मी म्हणालो. "नोंद झाली की पोस्ट सोडतो."

"पोलीस कावून? घरातली बाब हाय."

"मग घरातच ऱ्हाऊ द्या. चावडीवर कावून आणता?"

त्यानं फोन आप्पांच्या हातात दिला. आप्पा आवाज बारीक करून म्हणाले, "कंट्रोलर, बाई येडी हाय म्हनतोय तो."

"आप्पा, मुंडकं स्टँडला बसवलेलं असतं. खालून स्क्रू ढिले करावे लागतात, पट्टा काढावा लागतो. हरवणारी बाई आधी स्क्रू सोडवत बसत न्हाई. ही हरवली न्हाई, ही गेली. पोटापाण्याचं साधन घेऊन गेली."

आप्पांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, पटलं. मी आंघोळीला गेलो.

आप्पांचा स्वभाव मला माहीत असायला पाहिजे होता. दुकानात रडणारा माणूस उभा असला की ते उधारीवर साडी देतात, ही तर पोस्ट होती. ग्रुपचे मुख्य ॲडमिन तेच, त्यांना माझ्या परवानगीची गरज नव्हती. मी जेवायला बसलो तेव्हा फोन सारखा वाजत होता. पोस्ट सुटली होती. हात जोडलेल्या चित्रांची रांग, 'शेअर केले आहे', 'देव करो लवकर सापडो', 'मॉडरेटर झोपलेत का?' आणि त्यात ही एक कमेंट:

'ही ताई काल केजवरून माझ्याच गाडीत होती. मशीन संग होतं. युसूफ वडगावला उतरली. पोरगी लई गोड हाय.' खाली स्वतःचा नंबर.

कमेंट सलीमभाईची. त्याची सासुरवाडी गेवराईची, म्हणून तो ग्रुपात. तिकडं केज भागात काळी-पिवळी जीप चालवतो. भला माणूस. आमच्या ग्रुपात वाईट माणसं कमीच, अन् सगळ्यात जास्त नुकसान करतात ती भलीच. काही दिसलं की पोटात ठेवत नाहीत. फाट्यावर उभ्या माणसाला 'कुठं निघाले?' विचारायचं आणि पुढच्या फाट्यावर ते सांगायचं, ही आमच्याकडची माया आहे. त्या दिवशी ती माया एका बाईच्या जिवावर उठली होती.

मी ताट सरकवलं. आधी कमेंट काढली, मग पोस्ट काढली. पण काढलेली पोस्ट म्हणजे पुकारलेली गाडी. ऐकणाऱ्यानं ऐकलेलं असतं. मी सलीमभाईला फोन लावला.

"काका, मैं तो... मी तर चांगल्यासाठीच टाकलं," तो म्हणाला. "मशीन टपावर बांधू का म्हनलं, तर ताई न्हाई म्हनली. मांडीवर धरून बसली केजपासनं. पोरीला मी म्होरं घेतलं, हॉर्न वाजवत होती."

"तुला कुणाचा फोन आलता का?"

"नवऱ्याचा आलता की. कुठं उतरवलं म्हनून विचारलं."

"मग?"

"सांगितलं. शाळेपुढं टेलरचं दुकान हाय, एका आजीबाईचं, तिथं."

"आता तो कुठं हाय?"

"निघालो म्हनला, मोटरसायकलवर." मग त्याचा आवाज बदलला. "कावून काका, काय झालं?"

मी भ्यालो होतो. गेवराईहून बीड, बीडहून केज, पुढं युसूफ वडगाव. आयुष्यभर या रस्त्याच्या गाड्या पुकारल्या, त्यामुळं मोटरसायकलला किती वेळ लागेल ते मला विचारायची गरज नव्हती. सलीमभाई म्हणाला, मी जाऊन उभा राहतो. मी नको म्हणालो. एक उभा राहिला की तमाशा बघायला गाव जमतं, आणि गर्दीत नवऱ्याचीच बाजू वरचढ होते.

तिकडच्या ठाण्यात फोन लावला. एका कॉन्स्टेबलबाईनं उचलला. मी सगळं सांगितलं.

"तुमी त्यांचे कोन?"

"कुणी न्हाई. मी मॉडरेटर."

"म्हंजी?"

आता हिला ओसरी कुठून समजावू? "बाई, एसटी स्टँडवर माईक असतो ना, तसा आमचा एक माईक हाय फोनवर. त्याच्यावरनं चुकून एका बाईचा ठिकाणा पुकारला गेलाय. अन् ज्यानं ऐकाया नको होतं, तोच ऐकून निघालाय."

"दुकान शाळेपुढचंच ना? जाते," म्हणाली आणि फोन ठेवला.

तोवर आप्पा माझ्या ओट्यावर येऊन बसले होते. कमेंट त्यांनीही वाचली होती. टोपी मांडीवर, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं. बायकोनं चहा ठेवला, तो तसाच निवला. एरवी आप्पांसमोर चहा निवत नाही. मला त्यांचा राग आला होता, बोलायचं लई होतं, पण तो चेहरा बघून नुसता फोनकडं बघत बसलो.

"माझी बी लेक दिलेलीच हाय की हो," ते एकदाच म्हणाले.

फोन आला तेव्हा दोघांनीही हात पुढं केला. कॉन्स्टेबलबाईच होती. दुकानातल्या आजीबाई बाईच्या दूरच्या नात्यातल्या निघाल्या. तिला आणि पोरीला त्यांनी मागच्या खोलीत ठेवलं होतं. बाईच्या दंडावर वळ होते, काही जुने, काही ताजे. मी सज्ञान हाय, माझ्या मनानं आलेय, परत जायचं नाही, असा जबाब तिनं दिला. नवरा पोचला तेव्हा दुकानासमोर पोलीस गाडी उभी होती. पोलिसांनी त्याला बसवून, समजावून आणि थोडं न समजावताही, पुन्हा तिच्या वाटेला जाणार नाही असं लिहून घेतलं.

"आता तिथं ऱ्हाणं बरोबर न्हाई," कॉन्स्टेबलबाई म्हणाली. "दुसरीकडं सोय केलीय. कुठं ते तुमाला सांगनार न्हाई."

"सांगूबी नका," मी म्हणालो.

"मशीन बी संग घेतलं का?" आप्पांनी बाजूनं विचारलं. घेतलं होतं. आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. गार चहा त्यांनी तेव्हा पिला.

पुढचे काही दिवस मी शिव्यांचा धनी. 'नवऱ्याच्या दुःखापेक्षा नियम मोठा का?', 'कंट्रोलरला सुना-लेकी नाहीत का?' खरं कारण लिहिता येत नव्हतं. लिहिलं असतं तर बाई पुन्हा चर्चेत आली असती. ही या कामातली सगळ्यात कठीण गोष्ट. काय अडवलं आणि का, हे सांगता येत नाही. सांगितलं तर अडवून उपयोग नाही. मी नवीन नियम लावला: माणूस हरवल्याची पोस्ट पोलिसांत नोंद असेल तरच, आणि कुणी दिसलं तर ठाण्याला फोन करायचा, कमेंटमध्ये लिहायचं नाही. बरेच जण रागावून ग्रुप सोडून गेले. सलीमभाई राहिला. त्या दिवसापासून तो फक्त 'नमस्कार' लिहितो.

उन्हाळ्याच्या तोंडाला, लग्नसराईत, पेंडिंगमध्ये एक पोस्ट आली. नवीन खातं, नाव नुसतं 'ताई'.

'ब्लाउज, फ्रॉक, फॉल-पिको करून मिळेल. काम चांगले व वेळेवर.'

सोबत फोटो. काळं मुंडकं फळकुटावर मांडलेलं, बाजूला हातानं फिरवायचं चाक बसवलेलं. पुढच्या बाजूला कुंकवाची पाच बोटं, पुसट झालेली. पोस्टमध्ये नंबर नव्हता. गावही नव्हतं. दुकानांच्या कितीतरी जाहिराती मी रिजेक्ट केल्या असतील, पण आपण कुठं बसतो तेवढंच न सांगणारा टेलर पहिल्यांदा बघितला. गिऱ्हाईक पाहिजे, आणि गिऱ्हाइकाला पत्ता देता येत नाही. असा धंदा कुणी करावा?

मी पोस्ट रिजेक्ट केली. कारण निवडावं लागतं, 'जाहिरातीस परवानगी नाही' निवडलं. मग तिला वेगळा मेसेज टाकला, 'ताई, हे मशीन इथं दाखवू नका, ओळखू येतं. कामाचं बघतो.'

दुकानात गेलो. आप्पांना पोस्ट आधीच दिसली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी गठ्ठा काउंटरवर ठेवला. फॉल लावायच्या साड्या, ब्लाउजपीस, प्रत्येकावर मापाची चिठ्ठी टाचलेली.

"केजच्या एसटीत टाका, तिथनं सलीमच्या गाडीनं ठाण्यात त्या कॉन्स्टेबलबाईकडं जाऊ द्या. ती म्होरं देईल," ते म्हणाले. "अन् कंट्रोलर, कधी चुकून कळलंच, तर गाव मला सांगू नका. माझ्या पोटात ऱ्हात न्हाई."

गठ्ठे अजून जातात, शिवून येतात. शिलाईचे पैसे आप्पा त्याच वाटेनं पाठवतात. टाका बारीक आणि सरळ आहे, असं बायको म्हणते. ती तिचे ब्लाउज आता तिथंच देते. ते गाव कोणतं, हे आम्हा कुणालाच माहीत नाही.

जन्मभर मी माईकवर गावांची नावं पुकारली. एखादं गाव पुकारायचं नसतं, हे कळायला निवृत्त व्हावं लागलं.