वखारीतला फेर

पालघर गावात पाय असलेलं जेवढं म्हणून काही होतं, त्या सगळ्याला आमच्या घरमालकीणबाईंनी एकदा तरी नाचवलं असेल. माणसं तर सोडाच. गवताच्या गाड्यांचे बैलसुद्धा आपल्या दारावरून जाताना पाऊल बदलतात, असं त्या शपथेवर सांगत. बैलांचं मला ठाऊक नाही, पण गाडीवान मात्र बदलत. बदलले नाहीत तर ओसरीवरून हाक येई, "अरे ए, झोपलास काय? बैल बग कसे चाल्लेत, आन् तू बग!"

ह्या बाई मूळच्या चिंचणीच्या. अंगानं भरलेल्या, कासोटा घट्ट मारलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात सदैव एक काठी. काठीच्या टोकाला लोखंडी कड्या आणि घुंगरं. ती काठी खरं तर फेर धरून नाचताना सगळ्यात पुढच्या माणसानं जमिनीवर आपटायची. पण बाई तिनं चिंचा पाडत, कावळे हाकलत, भाडेकरूंची दारं ठोकत, आणि मासे घेताना घासाघीस वाढली की तिचा ठेका धरत. ठेका धरला की कोळीण हसायला लागे, आणि हसणारी बाई भाव कुठला धरून ठेवते!

माणूस बाई तोंडावरून ओळखतच नसत. पायांवरून ओळखत. पोस्टमास्तर म्हणजे "तो गो, डावा पाय नंतर आठवणारा." शाळेतले एक गुरुजी म्हणजे "रागावला की टाचेवर चालणारा." आमच्या यजमानांना रेल्वेच्या माल ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही सातारा सोडून पालघरला खोली बघायला गेलो, तेव्हा बाईंनी आम्हाला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, माणसं किती तेही विचारलं नाही. म्हणाल्या, "विहिरीपासनं तुळशीपर्यंत चालून दावा."

आता नव्या गावात, परक्या अंगणात, डोक्यावरचा पदर सावरत चालायचं म्हणजे काय! हे चालले, मी मागून गेले. बाईंनी काठीवर हनुवटी टेकून नीट बघितलं आणि निकाल दिला, "हा बरा चालतो. ही सरपटते." माझ्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मनात म्हटलं, नको ही बया आणि नको तिची खोली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सामान आणा. हिला मी बगते."

बाईंच्या घरामागं त्यांच्या मालकांची गवताची वखार होती. त्या काळी आमच्या पट्ट्यातलं गवत गासड्या बांधून, वॅगनी भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जाई. दिवाळीनंतर वखार आढ्यापर्यंत भरायची आणि पावसाळ्यात पार मोकळी व्हायची. उरायची नुसती चोपून काढलेली जमीन आणि सुकल्या गवताचा वास. ह्या मोकळ्या वखारीवर बाईंनी लग्न झाल्यापासून डोळा ठेवला होता, आणि श्रावण लागला की दुपारच्या जेवणानंतर तिथं त्यांचं राज्य सुरू होई.

बाईंना हा नाद लागला तो माहेरच्या वाडीत. तिथं डोंगराकडची माणसं कामाला येत, आणि त्यांचा तारपा वाजायला लागला की ह्या परकर खोचून धावत. तारपा म्हणजे वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा. तो फुंकणाऱ्याला दमसुद्धा असा घ्यावा लागतो की सूर तुटता कामा नये. बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरचे एक म्हातारेबाबा बाईंच्या बोलावण्यावरून वखारीत येत. मधोमध उभे राहून ते वाजवत आणि भोवतीनं आमचा फेर. कुणी बाईंना म्हटलं की काय छान शिकवता हो, तर त्या उखडत. "मी कोण शिकवणार? बाबा वाजवतो, आमी चालतो." आणि बाबांचा नियम एकच होता. पहिल्या दिवशी त्यांनी तो सांगितला आणि मग कधी बोलले म्हणून नाहीत. "तारप्याला पाट दावायची नाय."

बाईंचा नियम दुसरा. ज्या क्रमानं याल त्या क्रमानं उभं राहायचं आणि शेजारणीच्या पाठीमागून कमरेला हात घालायचा. शेजारीण निवडायची सोय नाही. रेल्वेच्या गार्डसाहेबांची बायको, आमच्या गार्डीणबाई, ह्या सोवळ्यातल्या. मासळीची टोपली रस्त्यानं गेली तरी त्या नाकाला पदर लावत. पहिल्याच दिवशी त्यांच्या शेजारी आली एडवणची कोळीण, टोपली दाराबाहेर ठेवून, ओल्या हातांनी! गार्डीणबाईंनी जागा बदलून मागितली. बाई म्हणाल्या, "बदला की. वखारीच्या भायेर लई जागा हाय." गार्डीणबाई श्वास रोखून पहिला फेर नाचल्या. दुसऱ्या फेराला श्वास घ्यावाच लागला. गणपती येईपर्यंत त्यांच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी एडवणला पोचली होती, आणि कोळणीला यायला उशीर झाला तर त्याच दाराशी जाऊन उभ्या राहत.

नाच शिकवायची पद्धतही अजबच. एक-दोन-तीन म्हणून पावलं मोजली की बाई संतापत. "मोजायला आमचे मालक हायत. तू भात मळ." भात मळताना पाय कसा पडतो, सूप पाखडताना कंबर कशी जाते, डोक्यावर हंडा असला की मान कशी राहते, हाच त्यांचा अभ्यासक्रम. मालक बिचारे वखारीच्या तोंडाशी गादीवर बसून हिशेब लिहीत. तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्याकडे. बायकोच्या ह्या खुळाला ते अडवत नव्हते. फक्त बघत नव्हते. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती, पण बायकोला नाचताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. बाई त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत.

मी मात्र पहिलं वर्षभर ह्या फंदात पडले नाही. खिडकीतून बघायची आणि हसायची. दुसऱ्या वर्षी माझं मूल गेलं. सात दिवसांचं होतं. बायका यायच्या, "होईल हो दुसरं" म्हणायच्या, चहा पिऊन जायच्या. मी खोलीचं दार लावून घेतलं, ते तीन महिने उघडलंच नाही म्हटलं तरी चालेल. मग एका दुपारी दारावर काठी आपटली.

"चल. एक हात कमी पडतोय."

मी आतूनच म्हटलं, "बाई, मला नाचता येत नाही. आणि नाचावंसं वाटतही नाही."

"नाचायला कोण बोलावतंय? शेजारणीच्या कमरेला धरून उभी ऱ्हा. रडायचं तर रड. फेरात रडलेलं कुणाला दिसत नाय गो, सगळ्यांचं ध्यान तारप्याकडं."

गेले. दुसरं काय करणार, दार मोडलं असतं त्यांनी! महिनाभर मी फेरात रडले. रडत डावा पाय, रडत उजवा पाय. कुणी काही विचारलं नाही. फक्त कोळणीचा माझ्या कमरेवरचा हात अधूनमधून घट्ट व्हायचा. मग एक दिवस लक्षात आलं, की आज आपण रडायचं विसरलो. त्या दुपारचं ऋण मी कुणाला सांगू? वैद्यांनी दिलेल्या औषधाच्या बाटल्या तशाच भरलेल्या होत्या.

आणि नेमकं त्याच सुमाराला तारापूरकडं अणुशक्तीचं मोठं बांधकाम सुरू झालं. बोईसरला माणसंच माणसं झाली, आणि एक ठेकेदार सिमेंट ठेवायला बारमाही जागा शोधत आमच्या वखारीशी येऊन थांबला. फेर चालू होता. तो अदबीनं म्हणाला, "बाईजी, नाचना तो कहीं भी हो सकता है। सिमेंट नहीं।"

बाई म्हणाल्या, "सिमेंटला पाय हायत काय? त्याला काय कळतंय कुटं पडलंय ते!"

पण वखार मालकांची. गवताचा धंदा उतरणीला लागलेला, आणि सिमेंट बारा महिने राहणार. वखार गेली तर मी परत त्या बंद खोलीत जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्या रात्री बाई मालकांशी काय बोलल्या कोण जाणे, पण सकाळी मालकांनी ओसरीवर येऊन आम्हा सगळ्यांना ऐकवलं, "दसरा झाला की शाळेच्या पटांगणात तालुक्याच्या साहेबांसमोर एकदा करून दाखवा. त्यांना त्यात काही दिसलं, तर वखार तुमची. नाही तर सिमेंटची."

मग काय विचारता! महिनाभर आम्ही वखारीत घाम गाळला. लुगडी एका रंगाची ठरली, गजरे ठरले. गार्डीणबाईंनी तर नवऱ्याला शिट्टीच्या तालावर चहा द्यायला सुरुवात केली. तीस बायका, पण एक पाऊल चुकत नव्हतं.

तो दिवस आला. शाळेच्या पटांगणात लाकडी मंच बांधलेला. समोर खुर्च्या, मधल्या खुर्चीवर तालुक्याचे मोठे साहेब, शेजारी टोपी सारखी करत आमचे मालक, आणि पलीकडे ठेकेदार. बाबा मंचाच्या मधोमध उभे राहिले, आम्ही भोवती फेर धरला, तारपा वाजायला लागला. आणि मला वाटतं तिसऱ्या फेराला माझ्या ध्यानात आलं, की समोरून टाळ्या नाहीत, हसू आहे. दबलेलं. साहेब मालकांना अगदी सौम्यपणे विचारत होते, "कार्यक्रम पाठींचाच आहे का?"

अहो, खरंच की! महिनाभर आम्ही गोल उभं राहून आत बघत नाचलो होतो. बघणारी माणसं एका बाजूला बसतात, हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं! फेर धरणाऱ्याला बघणारा कधी वेगळा ठाऊकच नसतो; जो येतो तो फेरात शिरतो. साहेबांना दिसत होते तीस अंबाडे आणि तीस पाठी. बाहेर तोंड करावं, तर तारप्याला पाठ. थांबावं, तर बाबांचा दम मोडायचा. ठेकेदार घड्याळ बघायला लागला. गेली वखार, म्हटलं.

फेराच्या टोकाला काठी घेऊन बाई होत्या. त्यांनी एकदा खाली बघितलं, एकदा बाबांकडे. बाबांनी मान डोलावली, न थांबता. आणि बाईंनी काठी आपटली ती मंचाच्या पायरीवर! पुढं तारपा, मागून बाई, बाईंच्या मागं एकमेकींत गुंतलेली तीस बायकांची माळ पायऱ्या उतरून सरळ खुर्च्यांवर चालून गेली. बाबा खुर्च्यांच्या मधोमध साहेबांच्या कानाशी जाऊन उभे राहिले, आणि आम्ही सगळ्या पाहुण्यांना घेरून भोवतीनं फेर धरला. शेपटाला मी. शेपटाला नाचत नाहीत, धावतात. सरपटणारी बाई मी, त्या दिवशी लुगडं सावरत वाऱ्यासारखी धावले. मालक खुर्ची सोडून हळूच निसटू बघत होते. गार्डीणबाई ओरडल्या, "कुठं चाललात? बसा खाली!" ते मटकन बसले.

आता तारपाही आत, पाहुणेही आत. कुणालाच पाठ नाही. बाई मालकांच्या समोरून जात, फिरून परत समोर येत. घामानं कुंकू ओघळलेलं, तोंडभर हसू, काठीचा दणका. मी धावता धावता बघितलं, मालकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते नुसते बघत होते. बाई जातील तिकडे त्यांची मान फिरत होती.

तारपा थांबल्यावर साहेब हसत म्हणाले, "आधी उठता येईना म्हणून बसलो होतो. मग उठावंसं वाटेना."

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला. मालक म्हणाले, "जागा नाही." तो म्हणाला, "खाली तो है।" मालक म्हणाले, "खाली नाही ती," आणि नोकराला हाक मारून त्यांनी आपली गादी उचलायला लावली. रस्त्याकडची गादी फिरवून वखारीकडे तोंड करून घातली. त्या वर्षी मालकांच्या गासड्यांची मोजदाद तीनदा चुकली. बाई म्हणाल्या, "चुकू दे." म्हणाल्या आणि आत जाऊन डोळे पुसून आल्या. मी पाहिलं, पण फेराबाहेर रडलेलं दिसलं तरी बोलायचं नसतं, एवढं मला तोवर कळलं होतं.

त्या एका वखारीतून किती फेर निघाले! रेल्वे क्वार्टरात गार्डीणबाईंचा, चिंचणीला बाईंच्या भाचीचा, बोईसरला कामगारांच्या बायकांचा, त्यात मराठी कमी आणि हिंदी जास्त. सगळीकडे शेजारीण निवडायची बंदी, आणि सगळीकडे आधी बाबांना आवतण.

मग आमची बदली झाली. पालघर स्टेशनावर बाई आल्या होत्या, काठीसकट. कडेवर माझी वर्षाची लेक होती; तिला त्यांनी आधीच पायांवरून तपासून "आईपेक्षा बरी" म्हणून टाकलं होतं. गाडीचा डबा पुढं लांब लागला. हे सामान घेऊन गेले. मी नमस्कार केला, लेकीला सावरलं, आणि पाठ फिरवायला पायच धजेनात. मी तशीच बाईंकडे तोंड करून उलट्या पावलांनी जायला लागले. हमाल शिव्या घालत बाजूला होत होते.

"वळ गो, पडशील!" बाई ओरडल्या. मी मान हलवली. नाही म्हटलं. तशा त्या दोन पावलं पुढं आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वळ. मला पाट केलीस तरी चालंल. सरळ चालून दाव, बगू दे मला."

मी वळले आणि चालत गेले. मागं बघितलं नाही, कारण रडत होते आणि आता भोवती फेर नव्हता. डब्याच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा मागून फलाटावर काठी आपटली, आणि साऱ्या स्टेशनाला ऐकू जाईल अशी आरोळी आली, "आता चालतेस गो, पोरी! आता चालतेस!"