भिंगकाकांना कॅमेरा घ्यायचा होता

भिंगकाका फोटो बघत नसत, तपासत. कुणाच्या लग्नाचा अल्बम हातात दिला तरी नवरा-नवरी राहायची बाजूला. काका खिशातून भिंग काढून आधी मागच्या तोरणाची पानं बघायचे. “पानं एकजीव झालीत रे,” असं म्हणून अल्बम परत करायचे. लग्न कुणाचं, हे त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

ते रोह्यात आमच्या मागच्या आळीत राहत. कंपनीतून निवृत्त झालेले. कोकणातल्या ज्यूंच्या बेने इस्राएल समाजातलं ते आमच्याकडचं शेवटचं घर. बाकीचे केव्हाच इस्राएलला गेले होते. दोन्ही मुलीही तिकडेच. काका-काकींनाही जायचं होतं. “नवा कॅमेरा घेतला की निघतो,” हे मात्र काका नव्वद सालापासून सांगत होते.

माझा पेणला फोटो स्टुडिओ होता. लग्नं आणि गणपतीच्या कारखान्यांची कामं करायचो. मी नुकताच नवा एसएलआर कॅमेरा घेतला होता, आपोआप फोकस होणारा. काकांकडे जुना, हातानं फोकस करायचा. माझ्यासारखा घ्यावा, तर फोटो जुन्यापेक्षा खरंच चांगले येतात का, एवढाच त्यांचा प्रश्न. एका रविवारात निकाल लागला असता. त्यात वर्षं गेली.

दर रविवारी ते माझा कॅमेरा मागून नेत. कुंडलिका नदीच्या पुलासमोर ट्रायपॉडचं तिकाटणं लावून आधी एका कॅमेऱ्यानं फोटो, मग तिथूनच दुसऱ्यानं. तोवर ढग आलेला असे.

“काका, ढगात दुसरा फोटो काळपटच येणार.”

“मंग पुन्हा काढू.”

प्रिंट आल्या की माझ्या काउंटरवर मांडून बसत. “तुझ्यात कडा स्वच्छ हाय, पण झाडांचा हिरवा खोटा. माझ्यात हिरवा बरा, तर पुलाचा कठडा विरघळलाय.” हिरवा रंग रोलमुळे आणि लॅबमुळे बदलतो, कॅमेऱ्याचा त्यात दोष नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! ते मन लावून ऐकत, मान हलवत, आणि पुढच्या रविवारी हजर. शनिवारी त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. त्या दिवशी ते कॅमेऱ्याला हात लावत नसत. तेवढाच मला आराम.

“तू देतोस कशाला? नाय म्हण की सरळ,” काकी म्हणायच्या. ते मला जमत नसे.

एकदा गणपतीच्या आधी पेणच्या एका कारखान्यातली मोठी मूर्ती ट्रकमध्ये चढण्यापूर्वी तिचा फोटो काढायचा होता. मी रात्रीपासून पेणलाच होतो, कॅमेरा काकांकडे रोह्यात. सकाळच्या गाडीनं आणून देतो म्हणाले होते. गाडी आली, काका आले नाहीत. मूर्ती गेली, आणि त्या कारखान्याचं कामही माझ्या हातचं गेलं. काका उगवले दुपारी, पायांना चिखल.

“कासू स्टेशनात गाडी थांबली तर खाडीकाठच्या खारीत असं ऊन पडलं होतं म्हणून सांगू. उतरलोच.”

माझा तोल गेला. “कुठलाही घ्या, नाहीतर घेऊ नका. काही फरक नाहीये दोघांत! भिंग लावून कोण बघतं फोटो?”

काका बाकावर बसले. म्हणाले, “मी बघणार. तिकडं गेल्यावर पूल बघायचा तर फोटोतच. तेव्हा चूक दिसली, तर परत येऊन काढणार हाय का मी?”

माझा राग गेला नव्हता. “निदान स्टेशनातून फोन करायचा,” मी म्हटलं.

“व्हय. ते चुकलंच.”

शेवटी निकाल काकींनी लावला. धाकटीला दिवस गेल्याचं कळलं आणि त्यांनी सांगून टाकलं, “मी चालले. तुम्ही या सावकाश, कॅमेरा घेऊन.” त्याच आठवड्यात काका मुंबईला जाऊन कॅमेरा घेऊन आले. अगदी माझ्यासारखाच. “तू म्हणालास तोच घेतला,” मला म्हणाले, जणू मी कधी तसं म्हणालो होतो.

निघायच्या सकाळी आळी गोळा झाली. काकींनी सगळ्यांच्या हातावर मलिदा ठेवला. पोहे, खोबरं, गोडसर. जीपमध्ये सामान चढल्यावर काकांनी नवा कॅमेरा माझ्याकडे दिला. “सगळं लावून ठेवलंय. तू नुसतं दाब.”

मी पायरीवर सगळ्यांना उभं केलं. काका घराच्या दाराकडे तोंड करून उभे.

“अहो, समोर बघा,” काकी म्हणाल्या.

“बघतोय.”

दाराकडेच बघत होते. मी थांबलो. थांबून थांबून शेवटी बटण दाबलं.

जीप सुरू झाल्यावर त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला, निरखला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“शटरच्या वेगाला हात लावलास काय?”

“लावला. ऊन वाढलं होतं.”

“नको होता लावायला.”

जीप निघाली. रोल त्यांच्याबरोबरच गेला. तो फोटो कसा आला ते मला कधीच कळलं नाही. मी मलिद्यानं चिकट झालेले हात घेऊन रस्त्यात उभा राहिलो, आणि जीप वळून दिसेनाशी झाली तरी पुटपुटत होतो, “वाढलं होतं हो काका. खरंच वाढलं होतं.”