वादळ ‘एक नंबर’चे... आणि पाणी?

मी सुधाकर गावंडे, वाणिज्य पदवीधर, अमरावतीत कर सल्लागार. चक्रीवादळाची तीव्रता कशी मोजावी, याविषयी आपणा सर्वांचे मत मागवण्यासाठी ही पोस्ट लिहीत आहे. समुद्र आपल्यापासून बराच दूर आहे, हे मान्य... पण कारण घरचेच आहे.

आमची मुलगी मुग्धा अमेरिकेत, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर नोकरी करते. तिकडे वादळाला एक (सर्वांत सौम्य) ते पाच असा नंबर देतात आणि तो केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरतो. त्यात पाऊस आणि आत शिरणारे समुद्राचे पाणीही धरावे का, असा पोल तिने आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला होता. मी तत्काळ ‘नाही’ नोंदवले. एका आकड्यात तीन गोष्टी मिसळल्या की त्या आकड्याला अर्थ उरत नाही... असे माझे ठाम मत.

गेल्या आठवड्यात अकोल्याला मेहुण्यांकडे गेलो होतो. संध्याकाळी तिथेच मुग्धाचा व्हिडिओ कॉल आला. वादळ तिच्या गावाकडे येत होते. “फक्त एक नंबरचं आहे बाबा, मी घरीच थांबते.” मीही मान डोलावली.

मेहुणे प्रभाकरभाऊ मूळचे बाळापूरचे. नदी भरली की तिथे लोक पुलावर पूर पाहायला जातात आणि परतणाऱ्याला पाण्याचीच खबर विचारतात. वाऱ्याची चौकशी कुणीच करत नाही... त्यांनी सरळ माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

“मुग्धे, वारा राहू दे वं. पानी कुठवर येईन, ते सांग.”

“मामा, ते नंबरमध्ये नसतं.”

“मंग तो नंबर काय चाटाचा हाय? घर कितव्या माळ्यावर हाय तुवं?”

“तळमजला... मागे खाडी आहे.”

“अन् तू तिथंच बसून राह्यली! बापाले इचारू नको, ते आकड्याचे मानूस हायेत. आधी पान्याचं पाह्य!”

मुग्धाने पाण्याच्या इशाऱ्याचा नकाशा उघडला... तिची गल्ली त्यात होती! थोड्याच वेळात ती गाडी काढून आतल्या भागातल्या मैत्रिणीकडे निघाली.

वादळ ओसरल्यावर तिने फोटो पाठवले. वाऱ्याने खिडकीची एक काचही तडकली नव्हती, पाणी मात्र सोफा बुडवून गेले होते. प्रभाकरभाऊंचा लगेच फोन... “जवाईबुवा, चाला आता, पूर पाहाले अमेरिकेले जाऊ!” आम्ही दोघेही पोट धरून हसलो. हसता आले, कारण मुलगी सुखरूप होती.

मी माझे मत बदलले आहे, तेही अर्धेच. वारा आणि पाणी यांचे आकडे वेगळेच असावेत. परंतु ते शेजारी शेजारी आणि सारख्याच मोठ्या अक्षरांत सांगितले जावेत. आपले मत कमेंटमध्ये अवश्य कळवावे.

मेहुण्यांनी हातातून फोन ओढणे हे शिष्टाचाराला धरून नाही... तरीही प्रभाकरभाऊंचा मी जन्मभर ऋणी आहे.

सुधाकर गावंडे
अमरावती, १७ ऑक्टोबर